ढेकरीवर बसवलेले शब्द

अहमदपूरच्या मोंढ्यात सिद्धलिंग अप्पांचा आवाज उठला, की चहाच्या गाड्यावर बसलेले खरेदीदार कप तसाच ठेवून ढिगांकडे निघायचे. अमृतरावांच्या आडतीवर सौदा पुकारायचं काम अप्पा मिसरूड फुटल्यापासून करत आले होते. शेतकऱ्यानं आणलेल्या मालाभोवती खरेदीदारांचं कोंडाळं जमायचं, एकेक जण बोली द्यायचा, आणि अप्पा ती बोली उचलून अशा लांब, चढत्या सुरात फिरवायचे की शेजारचा माणूस नकळत पुढची बोली देऊन बसायचा. माल हलका असला तरी अप्पा उरकून टाकायचे नाहीत. शेतकरी समोर उभा असतो आणि त्याचं अख्खं वर्ष त्या ढिगात असतं, हे त्यांना कळत होतं. म्हणून चाकूर, जळकोटकडचे लोकही माल इथंच उतरवायचे. अमृतराव तर चारचौघांत म्हणायचे की दुकान माझं असलं तरी माणसं सिद्धलिंगच्या गळ्यावर येतात.

तो गळाच गेला.

आधी आवाज बसला. ऐन हंगामात तो बसतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. नागम्मानं ज्येष्ठमध चघळायला दिला, हळद घातलेलं दूध दिलं. तोंडातली तंबाखू तेवढी अप्पांनी सोडली नाही. दिवाळी झाली, तुरी निघाल्या, तरी घोगरेपणा जाईना. घास गिळताना दुखायला लागलं. तेव्हा लेक दामिनी लातूरहून आली. ती तिथं एका शिकवणीत रसायनशास्त्र शिकवायची. तिनं बापाचं काही ऐकून न घेता गाडीत बसवलं आणि नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सरळ सांगितलं, की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. माणूस वाचेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल, आणि आवाज राहणार नाही.

अप्पांनी नागम्माकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ते तिच्याकडे बघतच डॉक्टरांना हो म्हणाले. घोगऱ्या का होईना, स्वतःच्या आवाजात.

ऑपरेशनच्या दिवशी गळ्यात काही ठेवायचं नव्हतं. जन्मापासून अंगावरून न उतरलेलं इष्टलिंग नागम्मानं चांदीच्या डबीसकट काढलं आणि डॉक्टरांना विचारून अप्पांच्या दंडाला बांधलं. अप्पा आत गेले ते बोलणारे. बाहेर आले ते मुके.

पुढचे महिने कसे गेले ते नागम्मालाच ठाऊक. जखम भरली, किरणांचे शेक देऊन झाले, अंगात ताकद आली. पण ज्या माणसाच्या आवाजानं गल्ली जागी व्हायची तो आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडू लागला. काही हवं असलं तर टाळी वाजवायचा, नाही तर फोनवर एका बोटानं अक्षरं जुळवून दाखवायचा. गरम चहावर फुंकर मारायची सोयही राहिली नव्हती, कारण हवा तोंडातून येतच नव्हती. दामिनीनं गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र आणून दिलं. अप्पांनी ते लावून स्वतःचं नाव घेतलं. पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज आला. त्यांनी यंत्र परत खोक्यात ठेवलं आणि खोकं कपाटाच्या तळाला सारलं.

मोंढा घरापासून दूर नव्हता. वारा तिकडून असला की सौद्याचा गलका अंगणात यायचा. आता पुकारायचा तो रेवणसिद्ध. अप्पांनीच त्याला तयार केलं होतं. पोरगा भला होता, दर सोमवारी येऊन पाया पडून जायचा. तो आला की अप्पा डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी नागम्मा परसातल्या धुण्याच्या दगडावर घसरली. धप्प आवाज झाला म्हणून अप्पा धावले. ती आडवी पडली होती, डोळे मिटलेले, कपाळाला रक्त. त्यांनी तिला हलवलं. ती हलली नाही. ते फाटकाशी पळाले. भर दुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अप्पांनी तोंड उघडलं. सगळा जीव एकवटून ते ओरडले, आणि गळ्याच्या भोकातून नुसता सूं सूं करत वारा गेला. ज्या नरड्यानं सबंध मोंढा गोळा व्हायचा त्यातून शेजारीण ऐकेल एवढंही निघेना. ते परत आत गेले, खलातला बत्ता उचलून आणला आणि लोखंडी फाटकावर हाणत सुटले. शेजारची पुनम पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं धावत आली.

नागम्मा वाचली. मनगट मोडलं होतं, डोक्याला टाके पडले. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली की तुम्ही होता म्हणून निभावलं. अप्पांना ते खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी फोनवर अक्षरं जुळवणंही सोडलं. दामिनी नांदेडच्या तपासणीची आठवण करून द्यायची. ते मान हलवायचे. अखेर तिनं बापाला सांगितलं की येणार नसाल तर मी शिकवणी सोडून इथंच राहते. तेवढ्यासाठी ते उठले.

नांदेडच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं होतं. बाक भरलेला. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका... जरा."

आवाज जाड, खरखरीत, तोडून तोडून येणारा. सर्दी झालेला कुणी बाप्या असेल, असं वाटून अप्पा सरकले. शेजारी येऊन टेकली ती साठीची एक बाई. हिरवं लुगडं, हातात पिशवी, आणि गळ्याला अप्पांच्या गळ्याला होतं तसंच पांढरं फडकं.

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. बाईला त्याची सवय असावी.

"आवाज गेला न्हवं?" ती म्हणाली. "माझाबी गेला. तरी... बोलून राहिले का न्हाई?"

दामिनीनं अधीरपणे विचारलं की यंत्र कुठलं आहे. बाईनं दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"यंत्र न्हाई. ढेकर हाय."

ती साखराबाई. बिलोलीजवळच्या एका खेड्यातली. घरची जमीन, चार म्हशी, नवरा वैजनाथराव. तंबाखूच्या मिश्रीच्या नादानं घसा गेला, असं ती स्वतःच सांगायची. या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या तनुजा मॅडम होत्या. त्यांच्याकडे ती शिकली, आणि आता नवीन ऑपरेशन झालेल्या लोकांना भेटायला महिन्यातून एखादी खेप आपणहून करायची. बिलोलीहून एसटीनं यायचं, घरून बांधून आणलेली भाकरी दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसून खायची, आणि दिवसभर वॉर्डातून फिरायचं. मॅडम म्हणायच्या की रीत मी सांगते, पण पेशंटचा विश्वास बसतो तो साखराबाईंना बघून.

रीत तिनं तिथंच बाकावर दाखवली. तोंडात हवा दाबायची, गिळल्यागत मागं ढकलायची, आणि ती पोटात उतरायच्या आत उलटी वर आणायची. वर येताना ढेकर होते. त्या ढेकरीवर शब्द बसवायचा. एका ढेकरीत दोन शब्द बसतील, फार तर तीन. मग पुन्हा हवा.

अप्पांनी कितीतरी दिवसांनी फोन काढला आणि जुळवलं, की माझं काम मोंढ्यात पुकारायचं होतं, हे पुकारणं नव्हे. साखराबाईला वाचता येत नव्हतं. दामिनीनं वाचून दाखवलं.

बाईनं पिशवी मांडीवर घेतली. मग तिनं आपली गोष्ट सांगितली. मधेमधे हवा घेत, अडखळत, पण एकदाही न लाजता. तिचं काम हाक मारायचं होतं. म्हशी ओढ्याला गेल्या की ती बांधावर उभी राहून हाक द्यायची आणि चारही म्हशी माना वर करून घराकडे वळायच्या. ऑपरेशननंतर ती बांधावर जाऊन उभी राहिली, तर एकही वळेना. वैजनाथराव कानानं अधू. त्यांना तिचं आधीचंही नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळं घरात फारसा फरक पडला नाही. पण म्हशींनी ओळख सोडली, हे तिला लागलं. मग ती रोज ओढ्यालाच जाऊन बसू लागली. माणसांपुढं ढेकरा द्यायची लाज वाटते, म्हशींपुढं कसली लाज. तिथं बसून ती हवा गिळायची आणि हाकेचा शब्द वर काढायची. पोट दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. पावसाळा तसाच गेला. एक दिवस तिच्या म्हातारीनं, म्हणजे सगळ्यांत थोराड म्हशीनं, चरता चरता मान वळवली आणि हिच्याकडं पाहिलं.

"त्या दिशी कळलं," साखराबाई म्हणाली, "मला आवाज हाय. जुना न्हाई. पर हाय."

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागं पडेपर्यंत अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मग दामिनीनं पाहिलं, की बापाचे गाल फुगतायत आणि ओठ घट्ट मिटतायत. तिनं गाडी जरा हळू घेतली.

शिकणं सोपं गेलं नाही. हवा पोटात उतरायची आणि पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. यायची ती ढेकर नको तेव्हा यायची आणि हवी तेव्हा हुलकावणी द्यायची. तनुजा मॅडमनी सांगितलं होतं की प, त, ट, क या अक्षरांनी हवा आपसूक मागं ढकलली जाते, तिथून सुरुवात करा. मग अप्पा मागच्या खोलीत दार लावून बसायचे. नागम्मानं एकदा डोकावून पाहिलं, तर त्यांनी हातानं जायला खुणावलं. ती नंतर त्या बाजूला फिरकली नाही. फक्त त्या खोलीच्या भिंतीला लागून बसूनच ती भाजी निवडू लागली.

आठवड्याला साखराबाईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिचा नातू फोन धरून द्यायचा. मागं कधी ज्वारीचा कडबा दिसायचा, कधी म्हशीचं तोंड. ती अप्पांकडून शब्द वदवून घ्यायची. नाही निघाला की पुन्हा. अप्पा वैतागून फोन बंद करायला निघाले की ती म्हणायची, "बंद करा. उद्या... मी पुन्हा लावते." आणि खरोखर लावायची. घरात सून बाळंतीण होती, शेतात खुरपणीला बाया मिळत नव्हत्या, वैजनाथरावांच्या गुडघ्यानं अंथरूण धरलं होतं. हे सगळं अप्पांना पुढं दुसऱ्यांकडून कळलं. तिच्या तोंडून एक शब्द कधी आला नाही.

श्रावणातल्या एका दुपारी नागम्मा स्वयंपाकघरात होती. हात नुकताच मोकळा झाला होता, म्हणून ती हौसेनं स्वतः रवी घेऊन ताक घुसळत होती. मागच्या खोलीचं दार उघडलं.

"ताक," कुणीतरी म्हणालं.

नागम्माला वाटलं, दारात कुणी पुरुष माणूस आलाय. ती पदर सावरून बाहेर आली. दारात कुणी नव्हतं. अप्पा उंबऱ्यापाशी उभे होते, घामानं डबडबलेले. त्यांनी ओठ मिटले, मान जराशी पुढं काढली आणि पुन्हा म्हणाले, "ताक."

नागम्मा उदगीरकडची, माहेरी कानडी बोलणारी. लग्नानंतर तिची भाषा मराठीच झाली होती. जीव हलला तर तेवढी ती जुनी भाषा वर यायची. ती "अय्यो देवरे" एवढंच म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता आणि डोळे लाल होते. अप्पांनी ताक पिऊन टाकलं आणि तिथंच आणखी एक शब्द काढून बघितला. तो निघाला नाही. पण ते हसले.

दसऱ्यापर्यंत अप्पा छोटी वाक्यं बोलू लागले. रेवणसिद्ध आला तेव्हा ते जागे राहिले आणि त्याला नावानं हाक मारली. पोरानं मान खाली घातली आणि कितीतरी वेळ वर केली नाही. सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता. दामिनीनं लातूरहून कमरेला बांधायचा छोटा कर्णा आणला. शिकवणीत दोनशे पोरांपुढं घसा ताणायला नको म्हणून ती स्वतः तो वापरायची; तोंडाशी बारका माईक, कमरेला पेटी. अप्पांनी तो लावून अंगणात बोलून बघितलं. आवाज फाटकाच्या पार गेला.

मोंढ्यात त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना हात जोडून जागा दिली. अमृतरावांनी पहिला ढीग त्यांनाच दिला. अप्पांनी हवा दाबली आणि जुन्या सवयीनं लांब सूर उचलला. सूर मधेच संपला. पुन्हा उचलला, पुन्हा संपला. सोयाबीनचा धुरळा फडक्यातून आत गेला आणि खोकल्याची उबळ आली. शिवशंकर नावाचा तरुण खरेदीदार होता, त्यानं अदबीनंच विचारलं, "अप्पा, काय म्हणालात?" पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारायचं टाळून नुसती मान हलवली. बोली कुठं चालली ते कुणालाच कळेना. लोक कंटाळून पांगू लागले आणि सौदा पडत्या भावाला तुटला, माल त्याच भावात गेला. ज्याचा माल होता तो म्हातारा शेतकरी ढिगापाशीच उभा होता. त्यानं डोक्याचा पटका काढून झटकला आणि पुन्हा बांधला. अप्पांना तेच सगळ्यांत जास्त लागलं. तुटीची भरपाई अमृतरावांनी आपल्या आडतीतून त्या शेतकऱ्याला दिली. अप्पांनी माईक उतरवून रेवणसिद्धच्या हातात दिला आणि ते घरी आले.

साखराबाईला लिहून कळवायची सोय नव्हती. बोलूनच सांगणं भाग होतं. त्यांनी फोन लावला.

"अक्का," ते म्हणाले. "जमलं... नाही."

तिनं सगळं खोदून विचारलं. कसा पुकारला, कुठं तुटला, लोक कुठं उभे होते. अप्पांना एवढं बोलायला लावणं हाही तिचा डाव असावा.

"माझं सोयाबीन," ती म्हणाली, "काढून... पडलंय. तिकडंच आणते."

अप्पांनी समजावलं की बिलोलीचा माल कुणी अहमदपूरला आणत नाही, तुम्हाला जवळ मोंढे आहेत. ती म्हणाली की टेम्पोला चाकं असतात.

आणि ती आली. भल्या सकाळी निघालेला टेम्पो उन्हं चढल्यावर मोंढ्याच्या फाटकात शिरला. पुढं ड्रायव्हरशेजारी वैजनाथराव गुडघ्याला पट्टा बांधून, मागं पोत्यांवर साखराबाई, डोक्यावरून पदर आणि गळ्याला ओलं फडकं. ती उतरली आणि आधी रेवणसिद्धचे सौदे बघत हिंडली. मग अप्पांना कट्ट्यावर बसवून तिनं आपल्या मनातलं सांगितलं. अप्पा जुनाच सौदा नव्या गळ्यानं पुकारायला बघतायत. तो सूर लांब आहे, आणि लांब सुराला पुरेल एवढी हवा आता मिळणार नाही, कधीच नाही. तिनं म्हशींना मारायची आपली जुनी लांब हाकही अशीच सोडून दिली होती. आता ती तीनदा तोडून हाक मारते.

"हलगी कशी वाजती," ती म्हणाली. "तसं. तोडून. बोला."

तिनं पिशवीतून दुसरं फडकं काढलं, पाण्यात भिजवून पिळलं आणि त्यांच्या हातात दिलं. धुरळा त्यात अडकेल, आत जाणार नाही.

तिचा माल ओतला गेला तेव्हा कोंडाळं नेहमीपेक्षा मोठं होतं. बिलोलीहून सोयाबीन आलंय म्हटल्यावर हमालसुद्धा बघायला आले. अमृतरावांनी रेवणसिद्धकडे पाहिलं. साखराबाई मधे आली.

"माझा माल," ती म्हणाली, आणि तो आवाज ऐकून सगळा मोंढा तिच्याकडे वळला, "अप्पाच पुकारतील."

लोक एकदा तिच्या गळ्याकडे बघत होते, एकदा अप्पांच्या. कुणीतरी हळूच विचारलं की ही अप्पांची बहीण का. अप्पांनी ऐकलं. "हाव," ते म्हणाले.

मग त्यांनी माईक लावला, उजवा हात वर केला आणि सुरुवात केली. सूर धरला नाही. पहिली बोली आली, ती त्यांनी एका शब्दात ठोकली आणि बोट त्या माणसाकडे रोखलं. हवा घेतली. दुसरी बोली, एक शब्द, बोट. हवा. पूर्वी त्यांचा सूर कोंडाळ्यावरून फिरायचा आणि लोक त्यावर झुलायचे. आता दोन शब्दांमधे एक रिकामी जागा पडू लागली, आणि त्या जागेत प्रत्येकाची नजर अप्पांच्या ओठांवर खिळू लागली. पुढचा शब्द चुकला तर माल दुसऱ्याचा होईल, म्हणून माणसं पुढं सरकली. बोलणारे गप्प झाले. कट्ट्यावरच्या गप्पा थांबल्या. शिवशंकरनं हात वर केला, त्याच्या पलीकडच्यानं केला, पुन्हा शिवशंकरनं. अप्पांच्या कपाळावरून घाम उतरत होता, दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. एकदा हवा चुकीची गेली आणि नुसतीच ढेकर आली, मोठी, माईकमधून सबंध मोंढ्याला ऐकू जाईल अशी. कोंडाळ्यात एक-दोघे हसले. अप्पाही हसले, आणि पुढच्या ढेकरीवर त्यांनी बोली चढवून ठोकली.

सौदा तुटला तो त्या दिवसाच्या सगळ्यांत चांगल्या भावाला. शिवशंकरनं माल घेतला. तो पुढं येऊन म्हणाला, "अप्पा, आज एकदा बी विचारावं लागलं न्हाई." वैजनाथरावांनी बायकोला मोठ्यानं विचारलं की काय झालं. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आणि अप्पांकडे वळून म्हणाली की माल मुळात चांगलाच होता.

दुपारी सगळे अप्पांच्या घरी जेवले. नागम्मानं पुरण घातलं होतं. तिनं साखराबाईचा हात आपल्या हातात घेतला, तो बराच वेळ सोडला नाही, आणि कानडी-मराठी मिसळून काहीबाही बोलत राहिली. साखराबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं मधेच विचारलं की मनगट अजून दुखतं का, आणि मोहरीच्या तेलात ओवा जाळून लावायला सांगितलं. ऊन उतरायच्या आत त्यांना निघायचं होतं. साखराबाई म्हशी शेजारणीवर टाकून आली होती.

अप्पा आता रोज सकाळचे थोडे ढीग पुकारतात. बाकीचे रेवणसिद्ध. सर्दी झाली की आवाज पुन्हा नाहीसा होतो, थंडीत घसा आखडतो, आणि जुना चढता सूर परत येणार नाही हे त्यांना माहीत आहे. अजून कधी कधी झोपेत ते त्या सुरात पुकारतात, असं ते नागम्माला सांगतात. एवढं सांगायलाही त्यांना तीनदा हवा घ्यावी लागते, आणि नागम्मा घाई करत नाही.

पौषात ते पहिल्यांदा साखराबाईबरोबर नांदेडच्या वॉर्डात गेले. तिथल्या एका खोलीत एका शाळेचे मुख्याध्यापक होते, ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता. पहिलीच्या पोरांना पाढे घोकवण्यापासून प्रार्थनेला उभं करण्यापर्यंत सगळी नोकरी आवाजावर झालेली. त्यांच्या बायकोनं दारातच सांगितलं की ते कुणालाही भेटत नाहीत, काल सख्ख्या भावालाही हातानं परत पाठवलं. अप्पांचे पाय तिथंच अडले. कुणाच्या दुःखात असं घुसायचं कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी साखराबाईकडे पाहिलं.

तिला यायला सकाळपासून दोन गाड्या बदलाव्या लागल्या होत्या. चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं सुतळीनं बांधला होता. तिनं त्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला, पिशवी खाली ठेवली, गळ्याचं फडकं नीट केलं आणि दारावर टकटक केली.

"गुर्जी," ती म्हणाली, "आत... येऊ का?"

व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. ती कुणाकडे बघत नव्हती. आतून एखादी टाळी येते का, म्हणून ती दाराला कान लावून उभी होती.